चाळीतली माणसं गायब करू नका, वाढवा

प्रश्न : लालबागमधल्या एका जुन्या चाळीवर सस्पेन्स थ्रिलर लिहितो आहे. चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे आणि विरोध करणारे म्हातारे भाडेकरू एकेक करून नाहीसे होऊ लागतात. चाळीत वाढलेली, लग्नानंतर डोंबिवलीला गेलेली नायिका शोध घेते. खलनायक बिल्डर. पण ज्यांनी हस्तलिखित वाचलं ते म्हणतात, दुसऱ्या प्रकरणातच सगळं कळतं. पुनर्विकासाचं काम प्रत्यक्षात कसं चालतं? हाणामारी सोडून त्यात थरार कुठे सापडेल?

उत्तर :

तुमच्या वाचकांचं बरोबर आहे. चाळ, बिल्डर आणि हट्टी म्हातारा ही तीन पात्रं दिसली की पुढे काय होणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे. तुमच्या खलनायकाचा हिशेबच जुळत नाही. मी वकील आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकार ज्यांच्यावर उपकर घेतं अशा जुन्या इमारतींच्या भाडेकरूंची कामं करते, कधी चाळ कमिटीच्या बाजूने, कधी कमिटीविरुद्ध एकट्या पडलेल्या माणसाच्या बाजूने. थ्रिलर भरपूर वाचते, त्यामुळे दोन्ही टोप्या घालून उत्तर देते.

भाडेकरू मेला म्हणून त्याची खोली मोकळी होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये भाडेकरूच्या व्याख्येतच लिहिलंय की मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. तसं कुणी नसेल तर वारस. वारसांचं आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवेल तो. म्हणजे तुमच्या बिल्डरने पहिल्या मजल्यावरच्या तात्यांना मारलं, तर त्यांच्या जागी तात्यांचा मुलगा, त्याची बायको आणि तिचा वकील भाऊ येणार. कुठलाही शहाणा बिल्डर हा सौदा करणार नाही. तात्या बरे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली होतो. तिथे बिल्डरला बांधायला किती मिळतं? एकतर भूखंडावर 3 एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम), नाहीतर सगळ्या भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागेल तेवढं क्षेत्र आणि त्यावर प्रोत्साहन म्हणून 50 टक्के. यात जे जास्त असेल ते. खोल्या दाटीवाटीच्या असल्या की दुसरा आकडा वर जातो. मग प्रत्येक जादा भाडेकरूमागे बांधकाम वाढतं. तेव्हा हिशेब करणारा बिल्डर माणसं कमी कशाला करेल? तो वाढवेल.

तुमच्या जागी मी असते तर कादंबरी इथून उलटी फिरवली असती. चाळीतून कुणीच नाहीसं होत नाही. उलट यादीत अशी नावं येतात, ज्यांना चाळीत कुणी कधी पाहिलेलंच नाही.

आकडे देते, कारण या कथेत आकड्यांतच खरी मेख आहे. समजा चाळीत 80 खोल्या. पुनर्विकासाला पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागायची. 2018 मध्ये लागू झालेल्या नव्या नियमावलीने (डीसीपीआर 2034) ती 51 टक्क्यांवर आणली. 80 पैकी 41 सह्या हव्यात. तुमच्या चाळीत 38 जणांनीच सही केलीय. प्रकरण तिथे थांबलंय, वर्षानुवर्षं थांबलंय. मग एक दिवस कळतं की म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे गेलेल्या यादीत 87 नावं आहेत. 87 च्या 51 टक्क्यांना 45 सह्या पुरतात, आणि 38 अधिक 7 म्हणजे बरोबर 45. म्हणजे सात भुतांनी अल्पमताचं बहुमत करून टाकलं. शिवाय बांधकामाचं क्षेत्र वाढलं, आणि सात फ्लॅट अशांच्या नावावर ज्यांचा पत्ताच नाही. लालबागला 300 चौरस फुटांचं नवं घर कोटीच्या घरात जातं. सातांची बेरीज तुम्हीच करा. खून करायला यापेक्षा लहान कारणं पुरली आहेत, पण तुम्हाला तो खूनही करायची गरज नाही.

आता ही सात नावं आली कुठून? हवेतून येऊ शकत नाहीत. 13 जून 1996 नंतर निर्माण केलेला नवा भाडेकरू 33(7) मध्ये धरला जात नाही. म्हणजे सातही जण त्या तारखेआधीपासून तिथे राहतात असं दाखवावं लागतं. त्यासाठी जुन्या पावत्या, जुनं रेशनकार्ड, जुनी मतदारयादी आणि बेस्टचं जुनं वीजबिल लागतं. हे सगळं जमवून देणारा माणूस बाहेरचा असूच शकत नाही. 1995 साली 34 नंबरच्या खोलीत मधे प्लायवूडचं पार्टिशन होतं, एका बाजूला मोठा भाऊ आणि दुसऱ्या बाजूला धाकटा राहायचा, हे बिल्डरला कुठून कळणार? ते कळतं समोरच्या खोलीतल्या काकांना. 34 चं 34अ आणि 34ब कागदावर होतं ते त्यांच्यामुळे. म्हणून तुमचा प्रश्न ‘कोणाला चाळ हवीय’ हा नसावा. ते सगळ्यांना माहीत आहे, बिल्डरने तर बोर्डच लावलाय. प्रश्न असा हवा की आपल्यातलं कोण? नायिकेला ज्याने लहानपणी गणपतीत लेझीम शिकवलं, त्याने का?

गिरणगावात आणखी एक सोय तुमच्यासाठी तयार ठेवलेली आहे: गावकीच्या खोल्या. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून गिरणीत आलेले पुरुष गावाच्या नावाने एक खोली धरायचे. दहा बाय पंधराच्या जागेत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवायला खानावळ, भिंतीला ट्रंकांची रांग. (गोव्याच्या लोकांची धोबी तलावची कूड याच जातकुळीतली.) पावती मात्र एकाच माणसाच्या नावावर, कारण मालकाला एकच नाव हवं असायचं. तो माणूस चाळीस वर्षांपूर्वी वारला. पावती अजून त्याच्याच नावाने फाटते, भाडं ग्रामस्थ मंडळ भरतं. आता त्या खोलीच्या बदल्यात मिळणारा फ्लॅट कोणाचा? गावाचा, मंडळाचा, की पावतीवरच्या माणसाच्या त्या नातवाचा, जो पुण्यात असतो आणि ज्याने ही खोली कधी पाहिलीही नाही? अशा वादात मी पंचाहत्तरीची माणसं गावाहून रात्रीची एसटी पकडून आलेली पाहिली आहेत, पिशवीत मंडळाची 1960 च्या दशकातली वर्गणीची वही घेऊन. त्या वहीत कोण कोण राहत होतं याची महिनेवार नोंद असते. तुमच्या नायिकेला हवा असलेला पुरावा तिथे आहे. 1995 च्या वहीत 34 नंबरसमोर कोणाचं नाव आहे, आणि कोणाचं नाही.

वहीइतकाच बोलका दुसरा पुरावा जिन्याखाली असतो, मीटरच्या खोक्यात. शहर भागात वीज बेस्टची. जुन्या चाळीत सगळे मीटर जिन्याखाली एका फळीवर, वर खडूने किंवा ऑइलपेंटने खोलीचे नंबर. घुसवलेल्या माणसाला बिल दाखवायचं तर मीटर हवा. मग एके दिवशी फळीच्या कडेला नवे मीटर येतात. वायर वर जाते आणि भिंतीत नाहीशी होते. रीडिंग महिनोन्‌महिने शून्याला चिकटलेलं. नायिका मोबाइलच्या उजेडात मीटर मोजते आणि आकडा 87 येतो, हा प्रसंग तुम्ही नीट लिहिलात तर कुणाच्या पाठीत चाकू खुपसायला नको. वाचक स्वतःच श्वास रोखून मोजेल.

ज्या माणसांना तुम्ही गायब करू पाहत होतात, त्यांचाही उपयोग आहे, पण वेगळा. भाडे नियंत्रण कायद्यातच मालकाला खोली परत मागायचं एक कारण दिलंय: सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय खोली वापरात नसेल तर. मुलगा बदलापूरला राहतो, म्हातारी पाय मोडून गावी पडलीय, दाराला कुलूप. कुलूप किती दिवस आहे हे शेजारी मोजत असतात आणि त्याची साक्ष एक दिवस धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात होते. मालक भाडं घ्यायचंच बंद करतो हा दुसरा जुना डाव. भाडेकरू दर महिन्याला मनिऑर्डर पाठवतो, ती परत येते. परत आलेल्या मनिऑर्डरच्या चिठ्ठ्या लोक देवाच्या फोटोमागे जपून ठेवतात. भाडं असतं किती? पन्नास, शंभर, दीडशे. त्या शंभर रुपयांवरच सगळी इमारत उभी आहे.

हे भाडं एवढं कमी का, ते वाचकाला दोन वाक्यांत सांगावं लागेल, नाहीतर मुंबईबाहेरच्याला काहीच कळणार नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली आणि ती जवळपास तिथेच राहिली. मालकाला दुरुस्ती परवडेना, त्याने चाळीकडे पाहायचं सोडलं. इमारती कोसळू लागल्यावर 1969 मध्ये सरकारने उपकर बसवून दुरुस्तीचं काम आपल्याकडे घेतलं. तेव्हा अशा 19,642 इमारती होत्या. पुढे ते काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आलं. न्यूयॉर्क-लंडनच्या थ्रिलरचा साचा इथे बसत नाही तो म्हणूनच. तिकडे वस्ती महाग झाली की भाडं वाढतं आणि जुन्या माणसाला निघावं लागतं. इथे भाडं जवळपास वाढतच नाही. इथला माणूस स्वतःच्या सहीने बाहेर पडतो, आणि तेही पेढे वाटून.

त्या सहीला कमी लेखू नका. तुमच्या हस्तलिखितात विरोध करणारे सगळे सज्जन आणि सही करणारे सगळे लोभी असतील, तर ते आधी खोडा. चाळीत सगळ्यात आधी सही करायला तयार असतात त्या बायका, आणि त्याचं कारण गॅलरीच्या टोकाला आहे: सामाईक संडास. रात्री दोन वाजता, गुडघे दुखत असताना, पावसाचं पाणी साचलेल्या गॅलरीतून बादली घेऊन जायचं. घरात सुनेचं बाळंतपण झालेलं, मोरीला पडदा. ज्या पुरुषांना चाळ संस्कृतीचा उमाळा येतो त्यातले निम्मे दिवसभर बाहेर असतात. मी एका सभेत ऐकलेलं वाक्य तुम्हाला देऊन टाकते. कुणीतरी ‘आपली माणुसकी टॉवरमध्ये राहील का’ वगैरे भाषण करत होता. मागून एक मावशी म्हणाल्या, “माणुसकी राहू दे हो, संडास घरात येईल का तेवढं सांगा.” सभा तिथेच संपली.

धोकाही खरा असू द्या. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली, 33 माणसं गेली. पुनर्विकासाला विरोध करणारा माणूस बरोबर असेलही, पण तो बरोबर असताना त्याच्या डोक्यावरचा तुळईचा सांधा कुजलेला असू शकतो. वाचकाला शेवटपर्यंत कळता कामा नये की इमारत खरंच धोकादायक आहे की तसं ठरवण्यात आलंय.

इथे स्ट्रक्चरल ऑडिट कामाला येईल. रहस्यकथेसाठी याहून चांगली वस्तू आमच्या धंद्यात नाही, कारण एकाच इमारतीचे दोन अहवाल असतात. बिल्डरच्या इंजिनिअरचा म्हणतो सी-1, म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडा. भाडेकरूंचा इंजिनिअर म्हणतो दुरुस्तीने पंधरा वर्षं निघतील. पालिकेत असे परस्परविरोधी अहवाल तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात; उपकरप्राप्त चाळीत म्हाडाचं दुरुस्ती मंडळ मधे येतं. पण नायिकेला दोन्ही अहवाल हातात घेऊन वाचू द्या. पहिल्यात पान भरून आकडे आहेत: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, कोअर टेस्ट, कॉलम क्रमांक एक ते चोवीस. भारदस्त दिसतं. मग ती मान वर करते. शंभर वर्षांची चाळ, सागाचे खांब, विटांच्या जाड भिंती, लाकडी पाट्यांची जमीन, वर मंगलोरी कौलं. त्या चाचण्या काँक्रीटच्या. या इमारतीत आरसीसीचा एकही कॉलम नाही. मग त्या चोवीस कॉलमची चाचणी कुठे झाली? अहवाल दुसऱ्याच इमारतीचा आहे, फक्त पहिलं पान बदललंय. हा धागा वाचकाच्या डोळ्यांसमोर शंभर पानं ठेवता येतो. पहिल्या प्रकरणातच लाकडी खांबाला बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी दाखवा आणि विसरून जा.

वेळेचं भान मात्र ठेवा. खरं पुनर्विकासाचं प्रकरण दहा-पंधरा वर्षं चालतं, आणि थ्रिलरला ते मारक आहे. ते आकसायला कायद्यानेच घड्याळ दिलंय. म्हाडा कायद्यात 79-अ हे कलम आलं, त्याला 2022 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. इमारत धोकादायक ठरली की मालकाला नोटीस: सहा महिन्यांत संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव द्या. नाही दिला तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने. त्यांनाही नाही जमलं तर म्हाडा जागा संपादन करून स्वतः करणार. आता तुमची कथा मालकाच्या मुदतीच्या शेवटच्या महिन्यांत ठेवा. मालकाला आणि त्याच्या बिल्डरला 45 सह्या त्या तारखेआधी हव्यात, नाहीतर सोन्याची खाण हातातून जाणार. त्या सात नावांची घाई का झाली हेही मग आपोआप उलगडतं.

सुरुवात मेमध्ये करा. पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती पेपरात येते, आणि त्याच दिवसांत लालबागच्या मसाला गल्लीत वर्षभराच्या मसाल्यासाठी मिरच्या कुटायला रांगा लागलेल्या असतात. सगळा रस्ता खोकत असतो. शेवट गणपतीत. त्या भागात 1934 पासून लालबागचा राजा बसतो आणि गणेश गल्लीचा त्याहून जुना, 1928 चा. दहा दिवस त्या भागात लाखो अनोळखी माणसं असतात. कुणाला कुठे लपवायचं, कुठे भेटायचं, कागद कुणाच्या हातून कुणाकडे द्यायचे, यासाठी याहून चांगली गर्दी मुंबईत मिळणार नाही.

तुम्हाला बिल्डरचा माणूस दाखवायचाच असेल तर मोटारसायकलवरचे पोरगे नकोत. ते दिवस होते, नाही असं नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले; संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या मिटल्या. मग जमिनी बाहेर आल्या आणि त्यापाठोपाठ पिस्तुलं. 1994 मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना भर रस्त्यात गाडीत गोळ्या घातल्या. 16 जानेवारी 1997 ला संपाचे नेते दत्ता सामंत यांची पवईत हत्या झाली. कादंबरी त्या काळातली असेल तर बंदूक चालेल. आजच्या काळातली असेल तर बिल्डर पहिल्यांदा चाळीत येतो तो फ्लेक्सवर, गणपतीच्या हार्दिक शुभेच्छा देत. मग मंडळाच्या पावती पुस्तकात एकवीस हजारांची पावती. मग पाण्याची नवी टाकी, मोफत डोळे तपासणी शिबिर, एकविरेला सहलीची बस. पोरांना क्रिकेटच्या जर्सी, पाठीवर कंपनीचं नाव. त्यात गुन्हा काहीच नाही. कमिटीच्या सेक्रेटरीच्या मुलीला एका ऑफिसात नोकरी लागते, त्यातही नाही. वाचकाला भीती वाटायला हवी ती या चांगुलपणाची.

सह्यांची पहिली सभा बारकाईने लिहा. चाळीच्या मधल्या चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रोजेक्टरला पडदा म्हणून पांढरी चादर, वरच्या गॅलऱ्यांमधून वाकलेली डोकी. टॉवरचं चित्र दिसतं, त्यात झाडं आणि गोरी बाई कुत्रा फिरवतेय. कोणीतरी विचारतं, आमची बिल्डिंग यातली कुठली? तेव्हा लक्षात येतं की चित्रातली उंच इमारत विक्रीची, आणि पुनर्वसनाची मागे, पार्किंगला चिकटून, चित्रात अर्धीच आलेली. दोघांची लिफ्ट वेगळी, गेट वेगळं. मग संमतीपत्रं वाटली जातात. त्यावर तारखेची जागा कोरी ठेवायला सांगतात, ‘सगळ्यांची एकत्रच टाकू’ म्हणून. कोरी तारीख! जी सही आज झाली ती तीन वर्षांनी, दुसऱ्याच बिल्डरच्या प्रस्तावाला जोडता येते. माझ्याकडे येणारे लोक याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त रडतात. तुमच्या 38 सह्यांमधल्या काही अशा निघू द्या.

शेजारी एकमेकांना टाळू लागतात ते त्या रात्रीपासून. कोणी सही केली हे कुणी सांगत नाही. ‘तुमचं काय ठरलं’ हा प्रश्न पाणी भरताना विचारला जातो आणि उत्तर मिळतं, ‘बघू, मुलगा सांगेल.’ आवश्यक संमती जमली की उरलेल्यांना म्हाडा कायद्याच्या 95-अ कलमाखाली सरसकट बाहेर काढता येतं, हे कळल्यावर विरोध करणाऱ्यांचा आवाज बदलतो. तत्त्वाचा विरोध होता, तो आता ‘शेवटी सही करायचीच तर जास्त काय मिळेल’ असा होतो. तुमच्या गटातला सर्वांत कडवा माणूस असा फुटू द्या, आणि त्याला दुष्ट करू नका.

नायिकेची एक अडचण सोडवायला हवी. ती डोंबिवलीहून का येते? ‘चाळीवर प्रेम’ एवढं कारण पुरणार नाही, रोजची फास्ट लोकल कुणाचंही प्रेम आटवते. तिलाही त्या कागदात गुंतवा. वडील वारले तेव्हा खोलीत कोण राहत होतं? भावाने लिहून दिलं की तो एकटाच. प्रत्यक्षात ती नवऱ्याचं घर सोडून दीड वर्ष तिथेच होती, वडिलांना तीच बघत होती, आणि ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. म्हणजे सात खोटी नावं शोधता शोधता तिला सापडतं की आठवं, खरं नाव यादीतून पुसलं गेलंय. आणि पुसणारा सख्खा भाऊ. बहीण-भावाचे असे दावे अगदी नेहमीचे आहेत. राखीला येतात आणि श्राद्धाला वकिलामार्फत बोलतात.

तिचा शोध पोलिसांकडून चालवू नका. पोलीस स्टेशनात तिला पहिल्या मिनिटाला ऐकायला मिळेल, “मॅडम, सिव्हिल मॅटर आहे.” तिचं हत्यार माहिती अधिकार. 2005 चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. थ्रिलरमध्ये तीस दिवस वाट पाहणं जड जाईल, पण तीच गंमत आहे: अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या भावाला कुणीतरी फोन करून विचारतं, ‘बहिणीला काय हवंय?’ म्हणजे अर्ज आतून बाहेर आला. मग वांद्र्याला कलानगरजवळच्या गृहनिर्माण भवनात फाईल बघायची परवानगी. टेबलावर दोरीने बांधलेली फाईल, समोर बसलेला कारकून, फोटो काढायची मनाई नाही पण नजर आहे. पानांना नंबर टाकलेले आणि 112 नंतर थेट 117. ते चार कागद काय होते, हा तुमचा मध्यंतर.

बाहेरच्या बदलत्या वस्तीवर पानं खर्च करू नका, गिरण्यांच्या जागी मॉल आणि ऑफिसं झालेल्या फिनिक्स आणि कमला मिल वाचकाला ठाऊक आहेत. एखादा तपशील पुरे. शेजारच्या नव्या टॉवरमधून मसाल्याच्या खाटाची तक्रार येते आणि पिढ्यान्‌पिढ्या मिरची कुटणाऱ्या दुकानदाराला नोटीस लागते. तक्रारीखाली सही असते चाळीतच वाढलेल्या माणसाची, ज्याने पुनर्वसनाचा फ्लॅट घेतला आणि आता तो चौदाव्या मजल्यावर राहतो.

शेवटाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे घसराल म्हणून सांगते. सत्य बाहेर आलं, बिल्डरला बेड्या पडल्या, चाळ वाचली, असा शेवट आमच्याकडे होत नाही. सात नावं खोटी ठरली तर म्हाडाची एनओसी (ना-हरकत) अडकते, मग पालिकेची बांधकामाची परवानगी (आयओडी), मग सगळंच. तोवर निम्मी चाळ बाहेर पडलेली असेल, कुणी म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, म्हणजे संक्रमण शिबिरात, कुणी विरारला भाड्याने, हातात बिल्डरचे अकरा महिन्यांच्या भाड्याचे चेक. प्रकल्प थांबला की बारावा चेक येत नाही. विक्रीचा फ्लॅट घेणारा महारेराकडे, म्हणजे घरखरेदीदारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे धावू शकतो. पुनर्वसनातल्या भाडेकरूला तो दरवाजा बहुतेक बंद असतो. त्या 80 कुटुंबांत ती संडासाबद्दल विचारणारी मावशीही आहे. नायिकेच्या हातात पुरावा आहे, तो दिला तर चोर पकडला जाईल आणि मावशी उरलेलं आयुष्य शिबिरात काढेल. नाही दिला तर मावशीला घर मिळेल, भावाला मिळेल, समोरच्या काकांना दोन मिळतील. ती काय करते ते तुम्ही ठरवा, पण हे दोन्ही पर्याय वाचकाला तितकेच पटले पाहिजेत.

आणि एक कामाचं. चाळीचं, मालकाचं, बिल्डरचं नाव पूर्ण काल्पनिक घ्या आणि छापण्याआधी त्या नावाची इमारत किंवा कंपनी खरंच नाही ना ते तपासा. रस्ते, स्टेशनं, गल्ल्या, कायद्याची कलमं खरी ठेवा. हस्तलिखितात तुम्ही मालकाला दिलेलं आडनाव गिरणगावातल्या बऱ्याच जुन्या घरमालकांचं आहे, ते बदला.